शिंपिणीची मोकळी दोरी

प्रिय आई,

इथूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, पाणी उकळूनच पिते.

इथे नळाच्या पाण्यात परजीवी शिरलेत, औषध टाकूनही मरत नाहीत. आमच्या आरोग्य पथकानं घरोघरी जाऊन जुलाबाचं विचारलं तर लोक लाजून सांगत नाहीत. म्हणून आम्ही वाळत घातलेले कपडे बघतो. दोरीवर दुपटीच दुपटी दिसली की ते घर आजारी धरायचं.

काल कोपऱ्यावरच्या शिंपिणीची रोज दुपट्यांनी भरलेली दोरी मोकळी दिसली. मी हसतच आत शिरले, "बाळ बरं झालं वाटतं!"

ती पाळण्याच्या गाठी सोडत राहिली.

तिकडे ताई तिच्या बाळाची दुपटी धुऊन वैतागलीय, असं लिहिलंस. वैतागू दे, आई. आपली दोरी भरलेली राहू दे.

तुझी,
धाकटी