अंड्यातलं नवं आवरण

ताई, तुझ्या शेंडेफळाचा वाकून नमस्कार, पण आज मान ताठ आहे!

कृमीच्या अंड्यात आईकडचं आणि बापाकडचं अशी दोन केंद्रकं भेटतात, त्यांची आवरणं विरतात आणि मग नवं आवरण विणलं जातं. ते विणणारी प्रथिनं मी चमकवून दाखवली. मॅडमनी अख्खी प्रयोगशाळा माझ्या सूक्ष्मदर्शकाशी गोळा केली.

मी वेळेवर जेवते, म्हणजे बहुतेक. बाबांचा गुडघा कसा आहे?

सगळ्या अंड्यांना सारखंच जपूनही काहींत ते नवं आवरण धड जमत नाही, आणि वाढ तिथेच थांबते. बादली उचललीस म्हणून बाळ गेलं, असं सासूबाई अजून म्हणतात? माझ्या अंड्यांनी कुठे बादली उचलली होती?

ताई, ती बादली आता खाली ठेव.

तुझीच,
शेंडेफळ