हत्तीच्या पावसातली सायकल

२८ सप्टेंबर १९४२, सोमवार

लिही, रुथे. मला अक्षर येत नाही आणि तुला काही आठवत नाही, म्हणून दोघींत मिळून ही एक वही. नाताळात वाचायला काढशील तेव्हा विचारशील, आजी, हे कुणी लिहिलं? तूच लिहिलंस, बये. आज सायकलचा पंप कुठे ठेवला तेही विसरली होतीस. चुलीमागे सापडला.

कालपासून हस्ताचा, हत्तीचा पाऊस. नक्षत्र बदललं की अंदाज घेत नाही, एकदम सोंडेने ओततो. गावाबाहेरच्या आपल्या वाटेवर काळ्या मातीचा लगदा. रूथ शाळेला निघाली ती सायकलवर बसून, पोचली ती सायकल खांद्यावर घेऊन. चाकात चिखल गच्च, फिरेना. हेडमास्तर म्हणाले, "मास्तरीण, असा उशीर चालायचा नाही. दुसरी बाई बघावी लागेल."

शेजारच्या गावची शाळा. पंचक्रोशीत आपल्यातली ही पहिली मास्तरीण. नोकरी गेली तर पुन्हा खुरपं.

३० सप्टेंबर, बुधवार

दगडी रस्ता एकच, वेशीतून आपल्या गावातून शाळेकडे जाणारा. आपण महारवाड्यातले लोक बाहेरून जातो. आत जायचंच तर चपला हातात, मान खाली, चावडीवरून चालत. ख्रिस्ती झालो तरी वेशीला ते कुणी सांगितलेलं नाही. चाकावर बसून तर आजवर कुणीच नाही.

रूथ म्हणाली, "मी उतरून नेईन. हातात धरून."

नेली. चावडीवर पाटलाचा बाजीराव बसलेला. "बाई, घोडं दमलं का?" मागून ढेकूळ आलं. पाठीत लागलं. ढेकळात दगड होता.

वेळेवर पोचली मात्र.

बाजीरावाला मीच, या सुईणीच्या हातांनी, जगात आणला. पायाळू, पाय आधी, डोकं मागून. पायाळू माणसाची लाथ औषधी म्हणतात. कुणाच्या पाठीत चमक भरली की लोक त्याच्यापुढे पालथे पडतात, तो लाथ मारतो, चमक जाते. इतक्या लोकांनी हात जोडून लाथ मागितली तर माणसाला वाटणारच की आपले पाय देवाने

पुढचं राहू दे. भाकरी करपली.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

उघडीप. संध्याकाळी रूथने मला कॅरिअरवर बसवून माळावर नेलं. मुरूम आहे तिथे, चाक पळतं. मध्येच सर आली. मी गोणपाटाची खोळ घेतली होती, रूथ चिंब. उतारावर म्हणते, "आजी, घट्ट धर." म्हटलं, इतकी वर्षं बायका मला धरून कण्हतात, आता मी तुला धरते. दोघी खूप हसलो. माळावर ऐकायला मेंढरं.

घरी आलो तर शांतवन, माझा लेक, हिचा बाप, सायकलकडे बघत बसला. म्हणाला, "चिखल चिकटतो, त्याचा बंदोबस्त करतो." हा जन्मभर गाड्यांची चाकं ठोकत आला. गाडीच्या आसाला वंगण, तसं याने सायकलच्या चाकांना एरंडेल चोळलं. कडेला, आतून, बाहेरून. लेकराला माखतात तसं. चाक चकाकत होतं. मलाही कौतुक वाटलं.

३ ऑक्टोबर, शनिवार

हळू लिही. डावा हात हलवू नको.

सकाळची शाळा. त्याच गावात मला एक बाळंतीण न्हाऊ घालायची होती, म्हणून मीही कॅरिअरवर. बारीक पाऊस. ठरलं होतं, वेशीशी उतरायचं. वेस आली, रूथने ब्रेक दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. एरंडेलात पाणी, ब्रेक कशाला धरतो? वेशीपासून चावडीपर्यंत उतार. दोघी बसल्या बसल्या चावडीसमोरून सुसाट. मी खोळ पांघरलेली, पाय वर धरलेले. रूथ घंटी वाजवते आहे, लोक उठून उभे राहताहेत. कुणाला वाटावं सलामी देताहेत.

बाजीराव रस्त्यात होता. चाक त्याच्या नडगीवर. तो मागे पडला तो गुरांच्या हौदात.

कुणीतरी हसलं. तिथेच घात झाला. नडगी त्याने सोसली असती.

रूथला केसांनी ओढली. "चाकावर बसून आमच्या अंगावर घालती व्हय?" ती ओरडून सांगते, ब्रेक लागला नाही, ब्रेक लागला नाही. खाली पाडून लाथा. पोटात, पाठीत. हिला चमक भरली नव्हती. मग डावा हात दगडावर धरून त्यावर टाच. करंगळी आणि शेजारचं बोट. आवाज मी ऐकला. हाडाचा आवाज मला कळतो.

मी पंप काढून बाजीरावाच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं बहुतेक. मग मला कुणी ढकललं ते दिसलं नाही, तोंडात रक्त आणि एक दात. तोही हलतच होता, हात मात्र त्यांचा लागला.

शांतवन पहार घेऊन धावत आला. त्यांनी पहार काढून घेतली, तीच त्याच्या पाठीत. सायकलच्या पुढच्या चाकावर धोंडा घातला, पुन्हा पुन्हा, साप मारतात तसा.

घरी आणल्यावर बोटांना बांबूच्या कामट्या बांधल्या.  एरंडेलाची बाटली उकिरड्यात दिसली.

४ ऑक्टोबर, रविवार

देवळात पाद्रीसाहेब क्षमेवर बोलले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आजी, क्षमा करा." म्हटलं, करू की, सूज उतरू द्या.

दुपारी फौजदार. आधी पाटलाकडे कोंबडी खाल्ली, मिशीला रस्सा तसाच. रूथला विचारतो, "सायकलला दिवा होता का?" रूथ म्हणाली, "सकाळची वेळ होती." "दिवा होता का ते सांग." नव्हता. लिहून घेतलं. बोटांचं लिहिलं नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दिवेलागणीला आपल्या वाड्याच्या छपरांवर पेटते पलिते आले. चार दिवस भिजलेली छपरं, फुसफुसली, धूर झाला, पेटली नाहीत. हत्तीचे उपकार. शांतवन गोफण घेऊन बाहेर. अंधारात धोंडा सोडला, पलीकडे कुणीतरी गुरासारखा ओरडला. मला तो आवाज गोड वाटला. हे लिहू नको.

लिहिलंस? असू दे. पाद्रीसाहेबांना वाचून दाखवू नको म्हणजे झालं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

रूथ काल आणि आज चिखलातून चालत शाळेला. दोन्ही दिवस उशीर. हेडमास्तर म्हणाले, हात बघून वाईट वाटतं, पण सोमवारी घंटेला हजर नसाल तर दुसरी बाई येईल.

शांतवनने चाक सरळ केलं. तुटलेल्या तारांच्या जागी कुंपणाची तार. चाक फिरतं, पण कुल्ला मोडल्यासारखं लंगडत. ब्रेक राखेने घासून घासून कोरडा केला. बोलला एवढंच, "आता धरतो."

बाजीरावाने चावडीवर सांगून ठेवलंय, सायकल वेशीत दिसली तर उजवा हात. पोरगी लिहिते कशानं ते त्याला नीट कळलंय.

मी म्हटलं, रुथे, सोड नोकरी. ही म्हणते, "तू सोडशील का सुईणपण?" उलट बोलायला शिकवणारी शाळा कुठली काढलीय तुम्ही?

११ ऑक्टोबर, रविवार

भरभर लिही, माणसं उभी आहेत.

सकाळपासून बाजीरावाच्या बायकोला कळा. पोर आडवं आहे म्हणतात. दुसरी सुईण दोन नद्या ओलांडून, दोन्हींना पूर. थोरले पाटील स्वतः आले. छत्री घेऊन महारवाड्याबाहेर लिंबाखाली उभे, आत पाऊल नाही. मागे थोरल्या पाटलीणबाई, भिजत.

"सुईण, चल."

म्हटलं, "येते. पाचवीपर्यंत राहीन, आईला पोराला न्हाऊ घालीन. पण तुमच्या घरचं खाणार नाही. माझी भाकरी माझ्या घरून येईल."

"येऊ दे. त्यात काय?"

"रूथ आणील. सायकलवर बसून. वेशीतून."

पाटलांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.  मग म्हणाले, "शांतवन आणील की चालत."

"शांतवनची पाठ तुमच्या माणसांनी फोडली, पाटील. त्याला वाकता येत न्हाई."

त्यांच्या घरात एक मानतात, मला ठाऊक होतं: बाळंतघरात सुईण उपाशी राहिली तर पोराला आईचं दूध लागत नाही. मी तोंडाने काढलं नाही. पाटलीणबाईंनीच काढलं. "अहो, येऊ द्या तिला. माझ्या नातवाला दूध लागलं पायजे. सुईण उपाशी ठेवायची न्हाई आपल्या घरात."

पाटील म्हणाले, "मी हो म्हणंन. पण बाजीराव माझं ऐकत न्हाई आता."

"मग त्याच्या आईनं सांगावं. पोर त्याचं हाय."

बाई म्हणाल्या, "सांगते." ऐकेल का, ते त्याही बोलल्या नाहीत. कमरेची किल्ली चाचपत राहिल्या.

आता रूथ लिहिता लिहिता विचारते, आजी, त्याचंच पोर, तुझ्या हातात. काय करशील? करायचं तेच. आडवं आहे ते उभं करीन. राग त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवीन, येताना परत उचलायचा आहे. तिथे कुणाच्या पायाखाली आला तर मी काय करू.

चला म्हणताहेत. ऐक.

उद्या सोमवार. शाळेला निघशील तेव्हा माझी भाकरी घेऊन नीघ, पाटलाच्या दारात दे, तसंच पुढे घंटेला जा. पाचवीपर्यंत रोज. बसून ये, उतरू नको. कुणी पुढे आला तर सांग, सुईणीची भाकरी आहे, आत विचारा. हात उचलला तर

तर मी आत आहे. ओरड, ऐकू येईल.

बाजरीच्या दोन भाकरी, लसणाची चटणी, एक कांदा. आमटी नको, दगडावर हिंदकळते. फडक्यात दुहेरी गुंडाळ. भाकरी ऊनच पाहिजे. गार लागली तर मला तिथे बसल्या बसल्या कळेल, तू कुठल्या वाटेने आलीस.