तुमच्या प्रश्नाचं उत्तर

उत्रोली, मंगळवार, १७ जून २०२५
सकाळी साडेसहा, नुकतीच गोळी घेतली.

रश्मी, जय भीम.

रविवारी पासलीत तुम्हाला बघायला आलो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "लग्नानंतर मला नर्सिंग पुरं करू द्याल का?" मी पोह्यांची बशी धरून नुसता बघत राहिलो. तुमची आजी म्हणाली, "नवरदेवाला न्हाई पटलं जणू!" सगळे हसले आणि तुम्ही आत गेलात.

ती फिट होती. खाली पडून हातपाय झटकतात तीच फिट, असं लोकांना वाटतं. तशी मला दोन वर्षांत आली नाही. या दुसऱ्या प्रकारात डोळे उघडे असतात, पण थोडा वेळ मला काही कळत नाही. तुमचा प्रश्न मला परतताना एसटीत आईनं सांगितला.

आई म्हणते, "आजाराचं बोलू नगंस, सोयरीक मोडंल." पण गप्प राहूनही ती मोडतेच आहे.

म्हणून सांगणारच आहे, पण हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या येऊन ते आधी तुमच्या हातात देतो, मग तोंडानंही सांगतो. नर्सिंग पुरं करा. मला नकार दिलात तरी करा.

सांगता सांगता मी मध्येच गप्प झालो, तर एवढं करा, आत जाऊ नका. जरा थांबा. मी परत येतो.

तुमच्या उत्तराची वाट बघणारा,
सम्राट