आठव्या पाकळीचा खिळा

मी, भाऊराव सोनू मेस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दगडी नक्षीकाम, राहणार भांडुप पश्चिम, टेकडीवरची चाळ, खोली क्रमांक नऊ, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉ. जयंती यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझी पत्नी कै. शेवंती असती तर तिने या दाखल्यावर हरकत घेतली असती. मजकूर माझा, भीड कोणाची नाही. वकील रुचिराबाईंनी फक्त तो क्रमाने लावून दिला आहे.

१. चाळ पाडून इमारत होणार आहे. खोलीच्या बदल्यात मिळेल तो फ्लॅट मुलगा हर्षद आणि मुलगी दिशा यांना निम्मा-निम्मा. दिशा सासरी गेली म्हणून तिला कमी, असे जो बोलेल त्याच्या डोक्यावर मी वरून ओळंबा सोडीन.

२. बँकेत उरेल ते दोघांना सारखे. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

३. खोलीची जमीन. हिच्याविषयी मात्र सविस्तर लिहितो.

फोर्टातल्या एका जुन्या वाचनालयाच्या गॉथिक खिडकीचे काम २००१ साली आमच्याकडे आले. वर टोकदार कमान आणि तिच्या पोटात आठ पाकळ्यांचे गोल दगडी फूल. साहेबलोक त्याला ट्रेसरी म्हणत, आम्ही जाळी म्हणायचो. दगड झिजून पार पीठ झाला होता. अशी जाळी कागदावरून कापता येत नाही. ती आधी जमिनीवर खऱ्या मापाने आखावी लागते, त्या रेघांवरून पत्र्याचा फर्मा कापायचा आणि फर्म्यावरून दगड. आमच्याकडे जागा कुठली? मी घरातल्या कोब्यावरच खिळा, दोरी आणि टोच्या घेऊन आठ फुटी फूल कोरले.

त्यानंतर आम्ही चौघे त्या फुलातच राहिलो. दिशा तिसऱ्या पाकळीत डोके ठेवून झोपायची, हर्षद मधल्या वर्तुळात. दुपारी दारातून ऊन आत सरकले की रेघा उजळत, आणि मला वाटे की जमीन हळूच उभी राहते आहे, आपण सगळे खिडकीत तरंगतो आहोत आणि पलीकडून कोणीतरी आपल्यातून उजेड पाहते आहे. शेवंतीने चोवीस वर्षे त्या रेघांतून केर काढला. तिला ते फूल आवडायचे. मला ती आवडायची. हे तिला सांगायचे राहून गेले, म्हणून येथे नमूद करतो.

४. माझा धाकटा भाऊ लवू याच्यावर मी केलेला आरोप या कलमाने रद्द करतो.

आठव्या पाकळीचा दगड लवूने कापला. चौदा दिवस लागले. परांचीवर चढवला तेव्हा तो दोन बोटे कमी पडला. सगळ्या माणसांसमोर मी त्याला म्हणालो, “तुझ्या हातात दगड दिला हीच माझी चूक.” तो एवढेच म्हणाला, “दादा, फर्म्याच्या भायर टाकी मारूक नाय हां मी.” मग त्याने टाकी माझ्या पायाशी ठेवली आणि शिडी उतरला. तेव्हापासून तो मरोळला ग्रॅनाइटचे ओटे कापतो. दगडात पान उमलवणारा माणूस सिंकची भोके पाडतो आहे. आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

या वर्षीच्या सुरुवातीला शेवंती अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात ती सारखी म्हणे, “कपाट हलवा हो.” मला वाटले, तिला तापात साफसफाई सुचते आहे. ती गेल्यावर महिन्याने मी आणि हर्षदने कपाट हलवले, तेव्हा मला सगळे आठवले. आठव्या पाकळीचा मध्य त्या कपाटाच्या पायाखाली येत होता. ती तेव्हाही हेच म्हणाली होती, आधी कपाट हलवा. मला घाई होती. मी खिळा दोन बोटे अलीकडे ठोकला. म्हटले, फर्मा कापताना तेवढे भरून काढू. काढले नाही.

लवूचा तो दगड नळापाशी पडून होता. शेवंती त्यावर कपडे आपटायची. हर्षदने तो आत आणला आणि आम्ही तो कोब्यावरच्या रेघेवर ठेवला. सुईसुद्धा शिरणार नाही असा बसला. मुलगा म्हणाला, “पप्पा, काकाचं बरोबर होतं ना?” मी जमिनीवर बसून रडलो. हर्षदने कपाट परत जागेवर लावले.

खिळ्याचे भोक कपाटाच्या पायाला लागूनच होते. वाकून पाहिले असते तर चोवीस वर्षांत कधीही दिसले असते. मी विसरलो होतो, असे लिहिणार होतो. खरे असे की मी वाकलो नाही.

५. तो दगड लवूच्या घरी पोचवावा. तो कपडे धुण्यासाठी नाही.

६. हत्यारे. ती लवूला द्यावीत असे मी लिहिले होते. रुचिराबाई म्हणतात, ज्याला मिळायचे त्याने साक्षीची सही न केलेली बरी. मला त्याची सहीच हवी आहे, त्याने हे सर्व मी जिवंत असताना वाचायला हवे. म्हणून कलम पाच खोडले आहे आणि हत्यारेही या कागदातून वगळली आहेत. दगड आणि हत्यारे येत्या रविवारी मी स्वतः मरोळला नेऊन देईन. कायद्यापुरते दोन साक्षीदार खाली आहेत. तिसरी जागा लवूची. त्याने सही केली नाही, तर ती तशीच मोकळी ठेवावी, दुसऱ्या कोणाला तेथे बसवू नये.

ठिकाण: भांडुप. दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५.

सही: भाऊराव सोनू मेस्त्री

साक्षीदार, ज्यांच्या समोर मी सही केली व ज्यांनी माझ्या समोर केली:

१. डॉ. जयंती शिरोडकर
२. चंद्रप्रकाश तांबे, खोली क्रमांक दहा
३. लवू सोनू मेस्त्री, मरोळ, १६ नोव्हेंबर

वाचलंय. टाकी बोथट करून ठेवलंस दादा. चाळ पाडूच्या आधी फुडच्या आयतवारी येतंय. कपाट मी धरतंय, तू खिळो मार.