कागदातलं पाणी

४ नोव्हेंबर
नाही आणलं तुझं पितळी पातेलं, नाही आणलं! आई, किती वेळा तेच उगाळशील? निघतानाही दारात त्यावरूनच भांडलीस. ते पाठीला बांधून हा डोंगर चढलो असतो, तर पातेलंच मला घेऊन खाली गडगडलं असतं. बाकी जागा झकास आहे. वारा मोजायचा उंच खांब, शेजारी पत्र्याची खोली, आणि राखणदार मी. हुकूम सोडायला वर कोणी नाही, म्हणजे साहेबच की!

५ नोव्हेंबर
ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, असं मला पोचवायला आलेल्या मुकादमाने बजावलं. खोलीतल्या भांड्याला तर भोक. तो हसला, म्हणाला, शहाण्या, कागदात उकळ. मला वाटलं, फिरकी घेतोय. पण त्याने जाड खाकी कागदाची चौकोनी डबी दुमडली, पाणी भरलं आणि निखाऱ्यांवर ठेवली. पाणी खदखदलं, कागद जळला नाही! आत पाणी आहे तोवर जळत नाही म्हणे. वजन तर काहीच नाही. आईला हे सांगायलाच हवं. मुकादम उतरला, आता आठवड्याने शिधा घेऊन येईल. इथे फोन लागत नाही.

७ नोव्हेंबर
माझ्या डब्या कोपऱ्यात गळतात. आई कागदी पिशव्या करून दुकानांना देते. कोपरा दोनदा आत दुमडून अंगठ्याच्या नखाने दाबते. मला शिकवायची आणि म्हणायची, तुझं बूड एका जागी टेकेल तेव्हा घडी जमेल.

९ नोव्हेंबर
दुपारी पाणी निवत ठेवून खांबाकडे गेलो. आलो तर डबी रिकामी. माकड असेल. पण माकड डबी पालथी घालून ठेवत नाही.

१० नोव्हेंबर
आजही. निखाऱ्यांवर उकळत असतानाच पाणी संपलं. शेजारी एक नवी डबी. मी केलेली नाही. कोपरा दोनदा दुमडलेला. नखाची रेघ —

१२ नोव्हेंबर
मुकादम आला. माझ्याकडे बघेना. ताईचा निरोप आणलाय. आई गेली. नऊ तारखेला, सकाळी. ताप होता, आतडं अडकलेलं. डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं. ती शेवटपर्यंत पाणीच मागत होती.

मुकादम म्हणाला, चल, माझ्याबरोबर उतर. तेवढ्यात त्याचं चुलीकडे लक्ष गेलं. निखाऱ्यांवर डबी. आत थेंब नाही. आणि जळत नाही. कडेला ओली बोटं उमटलेली — तो बाहेर पळाला.

१३
मी भरतो. ती पिते. भरतो. हात भाजलेत. थांबलो की आता कागद करपायला लागतो, आणि नुसता गिळण्याचा आवाज — बोलत नाही. आई असती तर पातेल्यावरून एकदा तरी बोलली असती. बोल ना गं. शिव्या दे —

मुकादम वळणावरून हाका मारतोय. जवळ येत नाही. मी उतरलो तर हिला पाणी कोण —

ताई, मी येत नाही. माझ्या परतीच्या भाड्याचे पैसे दगडाखाली ठेवतोय, मुकादम तुला पाठवून देईल. दोन हजार चारशे —