सँडर, भुसा ओढणारे यंत्र आणि दुपारी एक ते चार

मी, शैला गोपाळकृष्ण बेहेरे, वय ६९, निवृत्त शिक्षिका, राहणार तळेगाव दाभाडे, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग आलेला आहे, पण त्याला दाखला लागत नाही.

१. राहते घर माझ्या पगारातून घेतलेले, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. ते पती गोपाळकृष्ण यांनी तहहयात वापरावे, त्यांच्यानंतर ते मुलगा शौनक याचे. परसातली सुतारकामाची खोली यातून वगळली आहे. शौनकला तिथे गाडी लावायची आहे हे मला ठाऊक आहे. त्याने दुसरी जागा शोधावी.

२. निवृत्तीनंतर मी त्या खोलीत पोळपाट, पाट आणि देव्हारे केले. यांनी त्याला भातुकली म्हटले, आणि पहिला देव्हारा विकला गेल्यावर पाहुण्यांना "आमचा उद्योग" असे सांगितले. पतीला माझी गादी, आरामखुर्ची आणि दोन्ही उशा देते. झोपेची आबाळ होऊ नये.

३. खोलीत दोन यंत्रे आहेत. लाकूड घासून गुळगुळीत करणारा सँडर, आणि त्याला पाइपने जोडलेले भुसा ओढणारे यंत्र. सँडरमधून उडणारी पूड मैद्याहून बारीक असते आणि थेट छातीत जाते. ती ओढून पिशवीत भरणे एवढेच दुसऱ्या यंत्राचे काम, पण ते सँडरपेक्षा कितीतरी जास्त घरघरते. आणि आमच्याकडे दुपारी एक ते चार हे झोपतात. त्या वेळी घरात फोडणीसुद्धा दबकत घालावी लागते.

घासकामाला आंदर मावळातून कोमल श्रीपती घारे यायची. सकाळी दोन घरचा स्वयंपाक उरकून ती एकला पोचे आणि पाचच्या एसटीने परत जाई. म्हणजे घासकाम नेमके झोपेच्या वेळी. तोडगा मीच काढला: दारेखिडक्या घट्ट लावायच्या, सँडर चालवायचा, भुसा ओढणारे यंत्र बंद ठेवायचे. असे आठ वर्षे चालले. मला शौनकने पुण्याहून चांगला मास्क आणून दिला होता. कोमल तोंडाला ओढणी बांधायची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी वर्गात किती वर्षे समजावून सांगितली असेल.

४. कोमल एकोणचाळीस वर्षांची आहे आणि जिना चढताना दोनदा थांबते. तिची फुप्फुसे आता पूर्ववत होणार नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले. त्यावर आमच्या घरात काय बोलले गेले तेही नोंदवते. हे म्हणाले, "या लोकांना काळजी घ्यायची सवयच नसते." शौनक म्हणाला, "आई, तिने तेव्हाच सांगायला हवं होतं ना." दोघांनीही त्या खोलीत सलग दहा मिनिटे काढलेली नाहीत. मला त्यांची चीड आली. त्याहून जास्त चीड माझी आली, कारण मी गप्प बसले.

५. सबब, ती खोली, दोन्ही यंत्रे आणि माझी बँकेतील मुदत ठेव कोमलला द्यावी. यावर पती व मुलगा यांनी हरकत घेऊ नये. माझ्या हयातीत घेतल्यास कलम १ मधल्या घराचाही मी फेरविचार करीन.

६. हा मसुदा मी कोमलला घरी बोलावून वाचून दाखवला. ती म्हणाली, "काकू, ठेव घेते, औषधाला लागंल. पर मशिनी नको. त्या खोलीत मी न्हाई जानार आता."

मी म्हटले, मग आणखी काय हवे ते सांग. धाप बसेपर्यंत ती थांबली.

"कागदावर लिवा," ती म्हणाली, "की मी ईचारलं व्हतं."

तेव्हा यंत्रे व खोली यांपुरते कलम ५ रद्द. यंत्रे सुतारकाम शिकवणाऱ्या संस्थेला द्यावीत. दोन्ही एकाच वेळी चालवू, असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. खोली भाड्याने द्यावी आणि भाडे कोमलला मिळावे.

७. कोमलने विचारले होते. पहिल्याच आठवड्यात ती दारातून डोकावून म्हणाली, "काकू, मोठं मशीन लावू का? नाकात लय जातंय." पुढेही ती विचारत राहिली. दरवेळी मी वर्गात करायचे तसे ओठांवर बोट ठेवले.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून सही केली.

शैला गोपाळकृष्ण बेहेरे

साक्षीदार:
१. डॉ. समीक्षा मुकुल पेंडसे
२. भिकाजी अंबाजी गराडे, शेजारी

तळेगाव दाभाडे, १७ फेब्रुवारी २०२५