मागची भिंत

कातकरवाडी, मेढ्याच्या वर
९ फेब्रुवारी १९४७

ती. अक्कास,

गंगाधरचा नमस्कार. तुझी तिन्ही पत्रे पोचली. प्रकृती बरी आहे. भाकरी स्वतः थापतो. परवापासून ती गोल येऊ लागली आहे. तिन्ही पत्रांत तू एकच विचारतेस, सांगलीला घरी कधी येतोस. काम अडले होते, म्हणून उत्तर राहिले. आधी कामाचे सांगतो.

सरकारने इथल्या कातकऱ्यांसाठी सहा पक्की घरे मंजूर केली. मी ओव्हरसियर म्हणून ती बांधली. दगडी भिंती, वर मंगळुरी कौले. दिवाळीत सहाही कुटुंबे राहायला आली. पंधरा दिवसांत जोतिबाची म्हातारी आई पहिल्या घरात वारली. जोतिबा मडकी घेऊन जुन्या झोपडीत परतला. आपल्यावर पाळी येईपर्यंत कशाला थांबा, म्हणून बाकीचेही गेले आणि घरांत शेळ्या बांधल्या. खिडक्यांना मी हौसेने गज बसवले होते. त्यांतून शेळ्या माझ्याकडे बघत.

साताऱ्याचे साहेब पाहणीला यायचे होते. माणसे राहत नसतील तर पुढची चाळीस घरे रद्द, असे त्यांनी कळवले होते.

वाडीत तानुबाई सर्वांत वडील. तिला म्हणालो, घरात शेळ्याही मरतील, त्या कशा राहतात?

"मरत्यात. पर मेलेली शेळी मागं ऱ्हात न्हाई. माणूस ऱ्हातंय."

मग तिने त्यांची रीत सांगितली. झोपडीत कोणी वारले की मागचा कूड, म्हणजे काटक्यांची लिंपलेली भिंत, मोडून मेलेल्याला बाहेर वाट देतात. नवा कूड घातला की पुन्हा राहायला हरकत नसते. "तुजी भिंत मोडायची कशी? म्हातारी आतच अडकली बघ."

छप्पर खांबांवर होते, म्हणून जमले. सहाही घरांच्या मागच्या भिंती उतरवून मी कारवीच्या काटक्यांचे कूड घातले. नकाशाबाहेरचे काम मी जन्मात केले नव्हते. जोतिबाच्या घराची भिंत उतरली तेव्हा तो लांब उभा राहिला, मग आत जाऊन त्याने चूल मांडली. दोन दिवसांत सगळे परतले.

साहेबांनी कुडाला काठी लावून विचारले, हे काय? मी म्हणालो, हवा खेळती राहण्यासाठी. त्यांनी ते वहीत टिपून घेतले. आता चाळीसही घरांना असाच कूड घालायचा हुकूम आहे. चौथ्या घरातून एक शेळी बाहेर आली, तिच्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले.

ते गेल्यावर तानुबाई म्हणाली, आता घरी जा. मी कामाचे कारण काढले.

"काम झालं की. कोन मेलंय रं तुज्या घरात?"

अक्का, मी तिला काही बोललो नव्हतो. तुझ्याशी तरी कुठे बोललो? तुझ्या भावजयीचे, विनोदिनीचे तेरावे झाले आणि चौदाव्या दिवशी मी हे काम मागून घेतले. ती गेली त्या मधल्या खोलीचे दार लावले, किल्ली तुझ्या हातात दिली आणि निघालो. तेव्हापासून वाटते, तिला मी आत कोंडून आलो. शिकलेल्या माणसाने असे लिहू नये, पण तेच कारण आहे.

त्या खोलीची परसाकडची भिंत मला उतरवायची आहे. गवंडी बोलावू नकोस. पहिला दगड मी काढीन. तू फक्त जवळ उभी राहा.

शनिवारी पोचतो.

तुझा धाकटा,
गंगाधर